अँटन बॉयसन : छिन्नमनस्कता आणि ख्रिस्ती श्रद्धा

मानसिक विकारांच्या इतिहासाची उपलब्ध साधने बहुतांशी वैद्यांनी, रुग्णालयांच्या अधीक्षकांनी आणि न्यायालयांनी निर्माण केलेली आहेत. रुग्णाचा शब्द त्यांत आढळतो तो लक्षण म्हणून. साक्ष म्हणून नव्हे. रुग्ण धर्मनिष्ठ असेल तर ही अडचण अधिकच बिकट होते. ईश्वराचा आवाज ऐकू आला, जगाचा अंत समीप दिसला, आपल्यावर काही दिव्य कार्य सोपविले गेले असे तो सांगू लागला, की रुग्णालय त्या कथनाची नोंद भ्रम या सदराखाली करते आणि धर्मसंस्था संकोचाने मौन पाळते. विकाराच्या काळात ज्याने ईश्वर अनुभवला, त्याने बरे झाल्यावर त्या अनुभवाचे काय करावे, या प्रश्नाला दोन्हीकडून उत्तर मिळत नाही. अमेरिकन धर्मोपदेशक अँटन थिओफिलस बॉयसन (१८७६–१९६५) यांच्या चरित्राचे महत्त्व असे, की हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या विकारातून उचलला, त्याला अभ्यासविषयाचे रूप दिले, आणि त्याची किंमतही मोजली.

बॉयसन ज्या काळात आजारी पडले त्या काळातील वैद्यकीय मत प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश या नावाखाली अनेक लक्षणसमूह एकत्र आणले होते. विकाराची परिणती ऱ्हासात होते, ही कल्पना त्या नावातच अंतर्भूत होती. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ ही संज्ञा सुचविली. मराठीत रूढ झालेला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द तिचाच पर्याय होय. ब्लॉयलर यांनी ऱ्हासाची अपरिहार्यता नाकारली असली, तरी अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत जुने निराशावादी मत दीर्घकाळ टिकून राहिले. निदान झाले की रुग्णाच्या बोलण्याचा अर्थ शोधण्याचे प्रयोजनच उरत नसे.

बॉयसन यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८७६ रोजी इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी झाला. वडील जर्मनीतून आलेले, इंडियाना विद्यापीठात आधुनिक भाषांचे प्राध्यापक. मातामह त्याच विद्यापीठातील अध्यापक आणि कडव्या प्रेस्बिटेरियन परंपरेतील धर्मोपदेशक. अँटन सात वर्षांचे असताना वडील निवर्तले. घरातील वातावरण विद्येचे होते, तसेच कठोर नैतिक शिस्तीचेही. तारुण्यात लैंगिक विचारांविषयी त्यांच्या मनात तीव्र अपराधभाव निर्माण झाला. १८९८ च्या ईस्टरच्या सकाळी तो असह्य होऊन त्यांनी प्रार्थना केली आणि त्यांना एकाएकी मोकळे वाटले. भय, मग प्रार्थना, मग सुटका हा क्रम त्यांच्या आयुष्यात पुढेही येणार होता. काही काळ त्यांनी भाषा शिकविल्या, नंतर येल येथे वनशास्त्राचे शिक्षण घेऊन वनखात्यात नोकरी केली. १९०८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. १९०२ मध्ये परिचय झालेल्या अ‍ॅलिस बॅचेल्डर यांच्यावर त्यांचे प्रेम होते. परंतु ते विवाहापर्यंत कधीच पोहोचले नाही. पाळक म्हणून त्यांना स्थिर यश लाभले नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सेवाकार्य करून परतल्यावर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते पुन्हा एखादी मंडळी मिळविण्याच्या प्रयत्नात होते.

त्यासाठी ऑक्टोबर १९२० मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेचे निवेदन लिहावयास घेतले. लिहिता लिहिताच त्यांच्या मनात परक्या वाटणाऱ्या कल्पना उसळू लागल्या. जगावर महासंकट येत आहे, दुर्बलांनी आपले बलिदान द्यावयाचे आहे, आणि आपल्याला या घडामोडीत काही विलक्षण स्थान आहे, अशी त्यांची खात्री झाली. घरच्यांनी भयभीत होऊन त्यांना रुग्णालयात पाठविले. बॉस्टन सायकोपॅथिक हॉस्पिटलमधून त्यांची रवानगी वेस्टबरो येथील सरकारी मनोरुग्णालयात झाली. निदान छिन्नमनस्कतेच्या ‘कॅटॅटोनिक’ प्रकाराचे होते आणि सुधारणेची आशा नाही असे कुटुंबीयांना सांगण्यात आले. तथापि पहिला उद्रेक सुमारे तीन आठवड्यांनी ओसरला. नंतरचा अधिक काळ टिकला, पण तोही शमला.

या काळातील एक प्रसंग त्यांच्या विचारपद्धतीवर प्रकाश टाकतो. रात्री चंद्राकडे पाहताना त्यांना चंद्रबिंबावर क्रूस दिसे आणि तो त्यांना येऊ घातलेल्या संकटाचा भयंकर संकेत वाटे. पुढे त्यांच्या ध्यानात आले की खिडकीच्या तारेच्या जाळीतून पाहिले तरच क्रूस दिसतो. जाळी आड नसेल तर दिसत नाही. त्या शोधाबरोबर त्या कल्पनेचा आधार ढासळला. श्रद्धेला तिलांजली न देता त्यांनी आपल्या कल्पना तपासून पाहिल्या, आणि तपासणीत टिकल्या नाहीत त्या सोडून दिल्या. विवेक परत आला याचा अर्थ धर्म निघून गेला असा नव्हता.

प्रकृती सुधारल्यावर त्यांनी रुग्णालयातूनच मित्रांना पत्रे लिहून स्वतःच्या विकाराची मीमांसा आरंभिली. सेमिनरीतील सहाध्यायी फ्रेड ईस्टमन यांनी पाठविलेली फ्रॉइड यांची व्याख्याने त्यांनी तेथेच वाचली. डॉक्टरांशी या विषयावर बोलण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फारसा सफल झाला नाही. एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा अधिक संभाषण त्यांच्या वाट्यास आले नाही. लक्षणांविषयी रुग्णाशी चर्चा करू नये, हाच तेव्हाचा संकेत होता. दुसरीकडे, सामान्य रुग्णालयांसाठी मुक्तहस्ताने द्रव्य देणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या मनोरुग्णांसाठी जवळजवळ काहीच करीत नाहीत, हेही त्यांना प्रकर्षाने जाणवले. जानेवारी १९२२ मध्ये, सुमारे पंधरा महिन्यांनी ते बाहेर पडले ते हे दोन्ही अभाव भरून काढण्याच्या निश्चयाने.

हार्वर्ड विद्यापीठ आणि अँडोव्हर सेमिनरी येथे डॉ. रिचर्ड कॅबट आदींच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केल्यावर, १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मोपदेशक झाले. एका माजी मनोरुग्णाला हे पद देणारे अधीक्षक विल्यम ब्रायन यांचे धैर्यही उल्लेखनीय आहे. १९२५ च्या उन्हाळ्यात बॉयसन यांनी धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी रुग्णालयात आणले. हे विद्यार्थी दिवसा विभागांत परिचारक म्हणून राबत आणि उरलेल्या वेळात रुग्णवृत्तांचा अभ्यास करीत. माणूस हाच जिवंत दस्तऐवज होय, आणि ग्रंथांइतक्याच काळजीने तो वाचला पाहिजे, हे या शिक्षणाचे मूलतत्त्व होते. १९३० मध्ये या कार्यासाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली, आणि तिच्यापासून फुटलेल्या व वाढलेल्या संस्थांचे १९६७ मध्ये एकीकरण होऊन अमेरिकेतील पाळकीय प्रशिक्षणाची प्रमुख संघटना उभी राहिली. रुग्णांच्या उपासनेकडेही बॉयसन यांनी असेच बारकाईने पाहिले. प्रचलित गीतसंग्रहांतील काही प्रतिमा भयग्रस्त मनाला अधिकच भ्रमात ढकलतात असे आढळून आल्याने त्यांनी मनोरुग्णालयांसाठी गीतांचा वेगळा संग्रह सिद्ध केला.

त्यांचा सिद्धान्त १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द एक्स्प्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात विस्ताराने मांडलेला आहे. वूस्टर येथील १७३ रुग्णांच्या अभ्यासावर तो आधारलेला होता. ज्यांना शारीरिक कारण सापडत नाही असे मनोविकार म्हणजे केवळ मोडतोड नव्हे. ज्वर किंवा दाह हा जसा शरीराचा स्वतःला सावरण्याचा प्रयत्न असतो, तसा काही तीव्र उद्रेक हा कोलमडलेल्या व्यक्तिमत्त्वाचा पुनर्रचनेचा प्रयत्न असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जे रुग्ण हळूहळू वाहवत जातात, किंवा दोष इतरांच्या माथी मारून स्वतःचे अपयश झाकतात, त्यांची स्थिती सहसा बिघडत जाते. जे भयाने हादरतात आणि आपल्या अपराधाशी समोरासमोर झुंजतात, त्यांच्यात धार्मिक आस्थाही अधिक आढळते आणि सुधारणेची शक्यताही अधिक असते. यहेज्केल, पौल, जॉर्ज फॉक्स, जॉन बन्यन यांचे अनुभव आणि रुग्णालयातील उद्रेक यांत मूलभूत प्रकारभेद नाही. भेद आहे तो परिणामाचा. माणूस त्या संकटातून अधिक एकसंध आणि अधिक प्रेमळ होऊन बाहेर पडतो की अधिक एकाकी होऊन, हीच त्यांची कसोटी. शुभवर्तमानातील झाडाची ओळख फळांवरून करण्याचे तत्त्व त्यांनी अशा रीतीने रुग्णवृत्तांना लावले.

या सिद्धान्ताची परीक्षा त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात पुन्हा झाली. १९३० मध्ये त्यांना विकाराचा नवा झटका आला. कॅबट हे त्यांचे आश्रयदाते खरे, पण छिन्नमनस्कतेचे मूळ शारीरिकच आहे असे त्यांचे मत होते. या घटनेनंतर बॉयसन यांना प्रशिक्षणकार्यापासून दूर ठेवले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. ज्या आजाराच्या अनुभवातून ते शिक्षण जन्मास आले, तोच आजार संस्थापकाच्या अपात्रतेचे कारण ठरला. १९३२ मध्ये बॉयसन इलिनॉयमधील एल्जिन येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून गेले. १९३५ मध्ये अ‍ॅलिस बॅचेल्डर यांच्या अखेरच्या आजाराची वार्ता आली तेव्हा ते पुन्हा कोसळले. त्याच वर्षी अ‍ॅलिस यांचे निधन झाले. त्यानंतर प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी अ‍ॅलिस यांनाच अर्पण केला. विशेष हे, की त्याच ग्रंथात त्यांनी स्वतःची रुग्णकथाही घातली. लपविण्याची सोय असूनही त्यांनी ती घेतली नाही, कारण लपविणे हेच त्यांच्या मते ऱ्हासाचे द्वार होते.

त्यांचा दुसरा संघर्ष स्वतःच्याच चळवळीशी झाला. पाळकीय प्रशिक्षणाच्या एका शाखेवर पुढे मनोविश्लेषणाचा प्रभाव वाढला आणि रुग्णाचा अपराधभाव सैल करणे हे उद्दिष्ट मानले जाऊ लागले. बॉयसन यांना हे मान्य नव्हते. अपराधभाव ही व्याधी नसून, ज्यांचे मत आपण सर्वोच्च मानतो त्यांच्यापासून आपण तुटलो आहोत याची ती जाणीव आहे. म्हणून उपाय निकष उतरविण्यात नसून क्षमा आणि पुन्हा जोडले जाण्यात आहे, असे ते म्हणत. पश्चात्ताप आणि समेट या जुन्या ख्रिस्ती संकल्पना येथे रुग्णालयाच्या भाषेत पुन्हा अवतरतात.

बॉयसन यांच्या मताचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. त्यांचे निदानच पुढे वादग्रस्त ठरले. उद्रेकांमधील दीर्घ, कार्यक्षम कालखंड पाहता त्यांचा विकार छिन्नमनस्कता नसून उन्माद-अवसादाच्या वर्गातील असावा, असे प्रतिपादन १९८१ मध्ये करण्यात आले. मृत व्यक्तीचे निदान कागदपत्रांवरून करणे सदैव धोक्याचे असले, तरी हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. दुसरे असे, की मानसिक आणि शारीरिक कारणे त्यांनी जितकी विलग मानली तितकी ती विलग नाहीत. आनुवंशिकता आणि मेंदूची जडणघडण यांचा छिन्नमनस्कतेशी असलेला संबंध आज प्रस्थापित आहे, आणि १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाल्यापासून औषधे हा उपचाराचा आधार झाला आहे. उद्रेकाला अर्थ आहे म्हणून त्यावर औषध नको, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घातक ठरेल. तिसरे, बॉयसन यांना शिक्षण होते, पत्रांना उत्तर देणारे मित्र होते, आणि त्यांचे उद्रेक अल्पकाळात ओसरत. वर्षानुवर्षे आवाज ऐकत विभागात पडून राहणाऱ्या रुग्णाला ‘ही पुनर्रचना आहे’ असे सांगणे निर्दयपणाचे होऊ शकते. स्वतःच्या सुटकेवरून त्यांनी इतरांच्या विकाराविषयी कधीकधी अधिक आशा बांधली, हे मान्य केले पाहिजे.

असे असूनही त्यांच्या प्रतिपादनातील दोन गोष्टी टिकून राहतात. एकाएकी, तीव्र स्वरूपात सुरू होणाऱ्या विकाराचे भवितव्य हळूहळू वाढणाऱ्या विकारापेक्षा सामान्यतः बरे असते, हे त्यांचे निरीक्षण नंतरच्या अनुभवाशी जुळते. आणि अनुभवाचे कारण व अनुभवाचे मूल्य हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हा विल्यम जेम्स यांच्याकडून घेतलेला विवेक त्यांनी रुग्णाच्या बाजूने वापरला. विकारात मेंदूचा वाटा आहे असे म्हटल्याने रुग्णाची प्रार्थना खोटी ठरत नाही. आणि प्रार्थना खरी आहे असे म्हटल्याने चंद्रावरील क्रूस खरा ठरत नाही. धर्मनिष्ठ रुग्णाला या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहावे लागते, आणि ती जागा राहण्यायोग्य आहे हे बॉयसन यांनी जगून दाखविले.

१९६० मध्ये, वयाच्या चौऱ्यायशीव्या वर्षी, त्यांनी ‘आउट ऑफ द डेप्थ्स’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात चमत्काराने झालेल्या बरे होण्याची कथा नाही. पुनःपुन्हा आलेल्या आजाराची, अपुऱ्या प्रेमाची आणि सोडून न दिलेल्या कामाची कथा आहे. १ ऑक्टोबर १९६५ रोजी एल्जिन येथे त्यांचे निधन झाले. ज्या प्रकारच्या संस्थेत त्यांना आशा नाही म्हणून कोंडण्यात आले होते, तशाच संस्थेत त्यांनी आयुष्याची चार दशके सेवेत आणि सहवासात घालविली. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्या चरित्राने दिलेला धडा पद्धतीविषयीचा आहे. रुग्णाचे कथन जसेच्या तसे प्रमाण मानू नये. परंतु ते रुग्णाचे आहे एवढ्याच कारणाने साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरवूही नये.