टायरवरचा लेगसी कोड

मंडळी, आज सॉफ्टवेअरला सुट्टी. आजचा विषय टायर.

आमच्या गडचांदूरला टायर हा चैनीचा विषय नाही. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने, चुनखडीच्या खाणी, रस्त्यावर ट्रकांची रांग आणि त्यातून वाट काढणाऱ्या कापसाच्या, सिमेंटच्या गोण्यांच्या पिकअप. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ च्या पुढे जातो. भरलेली गाडी, तापलेला डांबरी रस्ता आणि चुकीचा टायर, हे तिन्ही जुळलं की काय होतं ते सांगायला नको.

टायर बदलायचा म्हटलं की दुकानदार 'साईज' विचारतो. आपण टायरच्या कडेवरचं वाचतो: २१५/७५ आर१५. बोलेरो पिकअपच्या काही मॉडेलांना हीच साईज येते. आता नीट बघा. २१५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ ही कडेची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. आणि १५ हा रिमचा व्यास, चक्क इंचात! कोड रिव्ह्यूला असं काही आलं असतं तर आपण परत पाठवलं असतं.

पण हा गोंधळ नाही, हे थर आहेत. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला तेव्हापासून ब्रिटन-अमेरिकेत मापं इंचात. पुढे युरोपने रुंदी मिलिमीटरमध्ये नेली, पण जगभरच्या रिमा इंचातच राहिल्या. १९७५ मध्ये मिशेलिनने टीआरएक्स नावाची मिलिमीटरच्या रिमची सिस्टीम आणून बघितली. तिच्या रिमवर साधा टायर बसेना. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी नाही म्हटल्यावर ती मागे पडली. इंच जिंकला.

'आर' म्हणजे रेडियल, मिशेलिनचंच १९४६ चं पेटंट. त्यात धागे आडवे, त्यामुळे कड लवचिक आणि टायर कमी तापतो. आपल्याकडे मालवाहू गाड्यांवर तिरक्या धाग्यांचा जुना टायर बराच काळ टिकला. तो स्वस्त, शिवाय ओव्हरलोड आणि खड्डे सोसणारा. एकाच अ‍ॅक्सलवर मात्र दोन्ही मिसळायचे नाहीत.

आणि '८ पीआर'? टायरच्या आत सुती कापडाचे थर असत तेव्हाची ही मोजणी. नंतर रेयॉन, नायलॉन, पोलाद आलं. आज ८ पीआर टायरमध्ये आठ थर नसतात, फक्त 'तेवढी ताकद' असा अर्थ उरलाय. कापूस गेला, मोजमाप राहिलं. कापूस पिकवणाऱ्या मुलुखात हे वाचताना गंमत वाटते :)

मग घ्यायचं काय? आधी लोड इंडेक्स बघा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. पण नुसतं चारने गुणू नका, भरलेल्या पिकअपचं बरंचसं वजन मागच्या दोन चाकांवर येतं. कंपनीने दिलेल्या इंडेक्सपेक्षा खाली उतरायचं नाही, मग नक्षी कितीही दणकट दिसो. हौसेने २३५/७५ आर१५ टाकलात तर व्यास ३० मिलिमीटरने वाढतो आणि स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ६२-६३ ने पळते. डिस्क बदलणार असाल तर बोल्टांचं वर्तुळ आणि ऑफसेट जुळवा. माझं मत लोखंडी डिस्कच्या बाजूने. ती वाकली तर गॅरेजमध्ये ठोकून सरळ होते, अलॉय तडकतो.

शेवटचं म्हणजे तारीख. कडेवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. २००० च्या आधी तीनच आकडे असत आणि दशक कुठलं ते कळायचं नाही. टायरवाल्यांचा वायटूके! 'नवा' टायर घेताना हे आकडे वाचाच.

आणि हो, 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ मध्ये तिथे जादा चाक विकायला सुरुवात झाली. रस्त्याचं नाव आपल्या डिकीत येऊन बसलं. निघण्याआधी तिचीही हवा बघा, गाडी थंड असताना.