वऱ्हाडची सावली

अमरावतीचे जुने नाव उदुंबरावती होते, असे परंपरा सांगते. उंबराच्या झाडांची दाटी होती म्हणून उदुंबरावती. पुढे त्याचे उंबरावती, उमरावती आणि अखेर अमरावती झाले. ही व्युत्पत्ती पंडितांनी खुशाल तपासून पाहावी. आम्हांस तिच्यातील एवढीच गोष्ट मोलाची वाटते की, येथील लोकांना आपल्या गावाची ओळख पेठेवरून वा परकोटावरून न सांगता झाडावरून सांगावीशी वाटली. त्याच गावात आज वैशाखाच्या दुपारी सावली शोधीत फिरावे लागते. अकोल्याची कथा तर याहून कडक. तेथे पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी कोणी नवल करीत नाही. असे का झाले आणि या दोन नगरांनी मिळून काय करावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सावलीचे झाड हे सार्वजनिक काम आहे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावविल्याचे अशोकाने आपल्या स्तंभलेखात नोंदविले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर त्याहून पुढचा विचार आहे. आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्याफणसाला धन्याच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असा त्यातील दंडक आहे. झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही. वाढविणाऱ्याने त्यात आपल्या आयुष्याची वर्षे घातलेली असतात, हे त्या राज्यकर्त्याने ओळखले होते.

वऱ्हाडात हे भान सुटले ते कापसाच्या पायी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईची आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. कुरणे आणि माळ नांगराखाली गेले. पेठा भरल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पण १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा कळून चुकले की, चारा गेला की आधी गुरे मरतात आणि त्यांच्यामागून माणसे.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा देशभर सुरू केली. १९७५ साली महाराष्ट्राने नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा केला. त्याने प्रत्येक नगरात वृक्ष प्राधिकरण आणले, परवानगीवाचून झाड तोडण्यास मनाई केली आणि ठरावीक काळाने झाडे मोजण्याचे बंधन घातले. अमरावतीची महानगरपालिका १९८३ साली झाली, अकोल्याची २००१ साली. पुढे शासनाने मोठे संकल्प सोडले: २०१६ च्या १ जुलैस राज्यात दोन कोटी रोपे, तर २०१९ साली तेहतीस कोटी. हे आकडे लावण्याचे आहेत. जगण्याचा आकडा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजावयाचा असतो, आणि त्या दिवशी छायाचित्रकार येत नाही.

आमच्याच आळीत एका पावसाळ्यात मोठ्या उत्साहाने रोपे लावली गेली. होळीपर्यंत कुंपणे तेवढी उरली, आणि तीही होळीत गेली. दोष कोणा एकाचा नव्हे, आम्हां सर्वांचा. वऱ्हाडातील रोप मरते ते ठरावीक कारणांनी. वर्षाचा पाऊस सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरातच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व कोवळी मुळे उघडी पडतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारट. ते घालून नाजूक रोप जगत नाही. अकोल्याने काटेपूर्णेचे आणि अमरावतीने ऊर्ध्व वर्धेचे गोडे पाणी आधी माणसांना द्यावे की झाडांना, हा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर घराघरांत आहे. भांडी विसळल्याचे, भाजी धुतल्याचे बादलीभर पाणी दोन दिवसांआड मिळाले तरी दारातले निंबाचे रोप उन्हाळा काढते.

मग यात दोन नगरांच्या सहकार्याचे कारण काय? कारण असे की कायदा नगराच्या हद्दीपाशी थांबतो. ऊन थांबत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर पंचाहत्तर किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांच्या पुस्तकात झाली. त्या कामगारांच्या व अभियंत्यांच्या हिमतीचे आम्हांस कौतुकच आहे. पण ज्या चिंचेखाली कापसाच्या गाड्या सोडल्या जात, तशी चिंच पाच दिवसांत उभी करण्याची विद्या अजून कोणास साधलेली नाही. तिला एका माणसाचे अर्धे आयुष्य लागते. म्हणूनच हे काम एका नगरसेवकाच्या मुदतीत किंवा एका मंडळाच्या उत्साहात मावत नाही.

वऱ्हाडास सहकार शिकवावयास नको. १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रीशिवाजी शिक्षण संस्था उभारली आणि ती विदर्भभर पसरली. त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यास आहे. एका नगराने शिक्षण संस्था दिली, दुसऱ्याने शेतीचे ज्ञान. मग दोहोंनी मिळून एक रोपवाटिका का चालवू नये? तीत निंब, उंबर, वड, चिंच, करंज ही आपल्या मातीची रोपे दोन-तीन वर्षे वाढवून पुरुषभर उंचीची झाली म्हणजेच रस्त्यावर आणावीत. दोन्ही नगरांची झाडांची मोजणी एकाच पद्धतीने व्हावी आणि किती लावली याऐवजी किती जगली, हे दरवर्षी जाहीर व्हावे. मधल्या रस्त्यावरील प्रत्येक गावाने आपल्या शिवेतील झाडे दत्तक घ्यावीत.

हे सारे एका वर्षात होणार नाही, आणि आमच्यापैकी अनेकांना त्या सावलीत बसावयास मिळणारही नाही. परंतु उदुंबरावतीचे उंबर ज्यांनी लावले, त्यांची नावे तरी आज कोणास ठाऊक आहेत? त्यांच्या झाडावरून गावाला नाव मिळाले. येत्या ज्येष्ठात दारातल्या एका रोपाला बादलीभर पाणी घालून आपण त्या ऋणाची फेड सुरू करावी, एवढीच आमची विनंती आहे.