सावित्रीबाईंची आजारपणाची रजा



शिक्षक पेशंट समोर बसले की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "आजारी आहात म्हणून शेवटची रजा कधी घेतलीत?" बहुतेक जण नुसते हसतात. मग कारणे सुरू होतात. पोर्शन राहिलाय, वर्गावर जायला दुसरे कोणी नाही, परीक्षा तोंडावर आहे. बसलेला घसा घेऊन हीच मंडळी दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यासमोर उभी असतात. चांगला शिक्षक स्वतःकडे बघत नाही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे आणि त्यासाठी दाखला दिला जातो तो सावित्रीबाई फुले यांचा. म्हणून आज त्यांच्याच आयुष्यातली, फारशी न सांगितली जाणारी एक गोष्ट सांगतो.

नायगावहून आलेले पत्र

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून बदलायला जादा लुगडे सोबत न्यावे लागे, ही आठवण तुम्ही ऐकलीच असेल. १८४९ मध्ये जोतीरावांसह त्यांना घर सोडावे लागले. शिकवणे, नव्या शाळा उभ्या करणे आणि वर रोजचा अपमान. हा ताण किती असेल, याची कल्पना करून बघा.

१८५६ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, त्या आजारी पडल्या आणि माहेरी नायगावला गेल्या. तिथून ऑक्टोबर महिन्यात त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. तब्येत आता सुधारली आहे, भावाने आजारपणात खूप सेवा केली, पूर्ण बरे वाटले की पुण्याला येते, असे त्या कळवतात. मग त्यांना फातिमाची, म्हणजे सहकारी शिक्षिका फातिमा शेख यांची आठवण होते. आपल्यामागे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्या व्यक्त करतात.

याच पत्रात आणखी एक प्रसंग आहे. ज्या भावाने सेवा केली, तोच त्यांना बोल लावतो. महार-मांगांसाठी तुम्ही नवरा-बायको जे करता ते सोडा, जातीच्या रीतीने वागा, असे त्याचे म्हणणे. सावित्रीबाई त्याला ठामपणे उत्तर देतात, त्याची समजूत घालतात. काम सोडायला त्या तयार नाहीत. मात्र पूर्ण बरे वाटेपर्यंत पुण्याला जाण्याची घाईही त्यांना नाही. काम सोडणे वेगळे आणि कामातून विश्रांती घेणे वेगळे, हे त्यांना पक्के कळत होते. त्या पत्रानंतर त्यांनी ४० वर्षे समाजाचे काम केले.

"पण डॉक्टर, शेवटी त्यांनी प्राण दिलेच ना?" असे कोणी विचारेल. खरे आहे. पुण्यातल्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पण ती ६६ व्या वर्षी, एका भयंकर साथीत त्यांनी केलेली निवड होती. बसलेल्या घशाने रोज तास घ्यावेत, असा नियम त्यातून काढू नका.

शब्द नंतर आला

या थकव्याला वैद्यकाच्या जगात नाव मिळायला बराच काळ गेला. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यात मन लावून राबणारे लोक कसे कोमेजतात हे पाहिले आणि त्याला 'बर्नआउट' म्हटले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणे मांडली : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिल्याचा हा परिणाम आहे, असे ती म्हणते. म्हणजे जबाबदारी एकट्या शिक्षकाची नाही, शाळेचीही आहे.

सावित्रीबाईंकडे त्या वेळी तीन गोष्टी होत्या : टेकायला जागा, काळजी घेणारे माणूस आणि मागे काम सांभाळणारी सहकारी. यातले तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही, हे एकदा मोजा.

तुमच्यासाठी

• आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वर्गात ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटा वापरा.

• स्वच्छतागृह नीट नाही म्हणून अनेक शिक्षिका दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीच्या संसर्गाला हे आमंत्रण आहे. त्रास सोसण्यापेक्षा शाळेत हा प्रश्न मांडा.

• झोप न लागणे, सतत उदास वाटणे, शाळेत जायच्या विचारानेच छातीत धडधडणे, असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

• लिपिक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई यांनाही हे सगळे लागू आहे. त्यांच्या पाठीचे आणि गुडघ्यांचे दुखणे सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

• मुख्याध्यापकांनो, कोणी रजेवर गेले तर त्यांचा वर्ग कोण घेईल, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा.

आणि स्टाफरूममध्ये कोणी आजारी पडून रजेचा अर्ज लिहिताना संकोचत असेल, तर त्यांना सांगा, "जा, वर्ग मी बघते." त्या दिवसापुरत्या तुम्ही त्यांच्या फातिमा व्हा.

काळजी घ्या.