टर्बोचार्जरमधील अल्पदाबाचे निदान : ओल्ड्समोबील जेटफायरच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

यंत्रांच्या इतिहासात शोधाचे वर्ष व शोधकाचे नाव यांची नोंद आवर्जून केली जाते. परंतु यंत्र बिघडल्यावर त्याचे निदान कसे झाले, याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक एखादे तंत्र समाजात रुजते की नाही, हे पुष्कळदा या निदानावर अवलंबून असते. मोटारीतील टर्बोचार्जरचा दाब कमी पडणे या दोषाच्या आधारे प्रस्तुत लेखात या विधानाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी टर्बाइन फिरवावी, तिच्याच दांड्यावरील कॉम्प्रेसरने हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी आणि त्यामुळे तेवढ्याच इंजिनात अधिक इंधन जाळता यावे, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना होय. वातावरणाच्या दाबाहून जो दाब अधिक मिळतो, त्यास बूस्ट दाब म्हणतात. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. १९१८ मध्ये सॅनफोर्ड मॉस यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर लिबर्टी विमान-इंजिनाची चाचणी घेतली. विरळ हवेत घटणारी शक्ती टर्बोचार्जरने भरून काढता येते, हे तेथे सिद्ध झाले.

जेटफायरचा अनुभव

१९६२ मध्ये जनरल मोटर्सने ओल्ड्समोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या गाड्यांद्वारे हे तंत्र प्रवासी मोटारीत आणले. जेटफायरच्या साडेतीन लिटरच्या इंजिनाची शक्ती २१५ अश्वशक्ती होती. त्याचे संपीडन गुणोत्तर १०.२५ : १ इतके उच्च असल्याने बूस्ट दाब वाढताच इंधन अनियंत्रितपणे पेटून इंजिनास धोका पोहोचण्याचा संभव होता. तो टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडले जाई. त्याची स्वतंत्र टाकी होती. ती रिकामी झाल्यास एक झडप बूस्ट दाब मर्यादित करी.

येथेच अडचण उद्भवली. अनेक मालक टाकी भरावयास विसरत. मग गाडी मंद चाले व टर्बोचार्जर सदोष ठरे. सर्वच तक्रारींचे मूळ रिकाम्या टाकीत होते असे म्हणता येणार नाही. तथापि या बाबतीत घटलेला दाब हा बिघाड नसून इंजिनाचे रक्षण होते. १९६३ नंतर जेटफायरचे उत्पादन थांबले. पुढे कंपनीने टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली व अनेक गाड्यांतून तो काढला गेला.

निदानाची बदलती पद्धत

१९८० च्या दशकाच्या आरंभी स्वीडनच्या साब कंपनीने इंजिनातील ठोके ओळखून वेस्टगेट झडपेद्वारे दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली. चालकाच्या स्मरणावरील भार यंत्राने उचलला. मात्र हलक्या इंधनामुळेही दाब घटू शकतो, ही बाब निदानात विचारात घेणे आवश्यक झाले. आजच्या गाड्यांत अल्पदाबाची नोंद संगणक पी०२९९ या संकेताने करतो. हा संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. म्हणून प्रथम हवेची गाळणी, नळ्यांचे जोड व इंटरकूलर यांतील गळती धूर किंवा दाबाच्या चाचणीने तपासावी. त्यानंतर दाबमापक संवेदक, निर्वात नळ्या, वेस्टगेट व तिचा चालक-दट्ट्या पाहावा. डिझेल गाडीत काजळीने अडकलेली पाती, तसेच टर्बाइनपूर्वी होणारी धुराची गळती व पुढील मार्गातील अडथळा यांचीही पाहणी करावी. टर्बोचार्जर बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. अन्यथा सुटलेल्या एका नळीपायी चांगले यंत्र फेकले जाते.

निष्कर्ष

जेटफायरमध्ये टाकी भरणे हा ज्या दोषावर उपाय होता, त्यासाठीही यंत्रच काढून टाकले गेले. टर्बोचार्जरची कल्पना चुकीची नव्हती, हे नंतरच्या काळाने दाखवून दिले. दाब का घटला, या प्रश्नाआधी तो कोणी व कशासाठी घटवला, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासकारानेही अपयशाची नोंद करताना हाच क्रम पाळावयास हवा. कारण निदानातील चूक पुष्कळदा शोधाच्या माथी मारली जाते.