वासरूं आणि माणूस

१९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असह्य वेदनांनीं तळमळत होतें. उपाय खुंटल्यावर गांधीजींनीं वैद्याकरवीं विष टोचवून त्याचा अंत घडविला, आणि अहिंसावाद्यांत मोठें काहूर माजलें. हाच न्याय माणसास लावाल काय, या पृच्छेस त्यांनीं तत्त्वतः होकार दिला. मात्र माणसाच्या शुश्रूषेचीं साधनें बहुधा हाताशीं असतात आणि तो स्वतः विचार करून ठरवूं शकतो, असेंही बजावलें. मला या उत्तरार्धाचेंच महत्त्व अधिक वाटतें.

पण ज्यास ठरवितांच येत नाहीं, त्याचें काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यापासून त्या अवस्थेंत होत्या. त्यांचें अन्न थांबविण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं फेटाळली. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांचाच तीस विरोध होता. तथापि अशा रुग्णांचे कृत्रिम उपचार उच्च न्यायालयाच्या अनुज्ञेनें थांबविण्याची वाट त्याच निकालानें मोकळी केली. २०१८ सालीं, शुद्धीवर असतां लिहून ठेवलेली इच्छाही ग्राह्य ठरली. विषाची सुई मात्र आजही गुन्हाच. आणि ती सत्ता कोणाच्याही हातीं न देण्यांत, माझ्या मतें, कायद्याचें शहाणपण आहे.

शानबाग त्याच रुग्णालयांत १८ मे २०१५ रोजीं न्यूमोनियानें वारल्या.