उजव्या कोपऱ्यातली चौकट

कुठलंही इंजिनिअरिंग ड्रॉइंग उलगडा, नजर आधी कुठे जायला हवी ते ठरलेलं आहे. खाली, उजवा कोपरा. टायटल ब्लॉक. प्रकल्पाचं नाव, ड्रॉइंग नंबर, स्केल, तारीख, कोणी काढलं, कोणी तपासलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिव्हिजन. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष ज्यांनी काढलंय त्यांना हाफ इंपिरियल शीट, मिनी ड्राफ्टर आणि प्रत्येक शीटवर पुन्हा पुन्हा आखलेली ती चौकट आठवत असेलच. एसपी ४६ हे भारतीय मानक ब्युरोचं १९८८ चं पुस्तक तेव्हा त्यासाठी प्रमाण होतं. त्यात ही चौकट जास्तीत जास्त १७० मिमी रुंद. १७०च का, असं विचारायची आमच्या वर्गात पद्धत नव्हती :-)

उत्तर तसं सोपं आहे. मोठ्या ड्रॉइंगची घडी घालून ए४ करतात, आणि घडी घातल्यावर चौकट पूर्ण वर दिसली पाहिजे. ए४ ची रुंदी २१०, त्यातून समास वजा. पुढे २००४ च्या आयएसओ ७२०० मध्ये ती १८० झाली: डावीकडे फायलिंगसाठी २०, उजवीकडे १०. म्हणजे चित्र कितीही मोठं असो, चौकटीचं माप कपाटातल्या फाईलवरून ठरलं!

सांगायचा मुद्दा असा की ड्रॉइंगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक चित्र, दुसरी त्या चित्राबद्दलची माहिती. चित्र दर वेळी नवं, माहितीचा साचा तोच. पूर्वी मोठ्या ऑफिसांत ट्रेसिंग पेपरवर ही चौकट आधीच छापून घेत. टेम्प्लेट ते हेच. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये सायनोटाइप शोधला, त्यातून ब्लूप्रिंट आली, नंतर आपल्याकडच्या अमोनिया प्रिंट (तो वास एकदा नाकात गेला की गेला). मूळ एक, प्रती अनेक. आणि प्रती झाल्या की प्रश्न आलाच: यातली ताजी कुठली? म्हणून ऑफिसात ड्रॉइंग रजिस्टर असायचं आणि ते सांभाळणारा एक माणूस. चौकटीत लिहिलेलं आणि रजिस्टरात लिहिलेलं जुळतं की नाही हे त्याच्या डोक्यात.

आता कॉम्प्युटर. इव्हान सदरलँडने १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड केलं, टीएक्स-२ मशीनवर, लाइट पेनने. त्यात मास्टर ड्रॉइंग आणि त्याचे इन्स्टन्स होते: मास्टर बदला, सगळीकडे बदलतं. आपण प्रोग्रामर लोक ज्याला क्लास आणि ऑब्जेक्ट म्हणतो त्याच्या अगदी जवळची कल्पना. पण ती होती चित्रासाठी. चौकटीतल्या माहितीला तसं वागवायला पुढची ४० वर्षं गेली.

ऑटोकॅड १९८२ चं. सुरुवातीला पेपर नावाचा प्रकारच नव्हता, सगळं एकाच जागेत. इमारत खऱ्या मापात काढायची आणि तिच्याभोवती चौकट अवाढव्य करून ठेवायची. १:१०० ला छापायचं असेल तर २.५ मिमीचं अक्षर २५० मिमी उंच. स्केल बदललं की चौकट आणि अक्षरं, सगळं पुन्हा. रिलीज ११ मध्ये, १९९० साली पेपर स्पेस आली: इमारत एकीकडे, कागद दुसरीकडे, मध्ये खिडकी. मला विचाराल तर ऑटोकॅडच्या इतिहासातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट. नव्या ड्रॉइंगचा साचा मात्र तेव्हाही एक साधी डीडब्ल्यूजी फाईलच होती, तिला प्रोटोटाइप म्हणत. डीडब्ल्यूटी ही वेगळी टेम्प्लेट फाईल १९९७ च्या रिलीज १४ मध्ये आली. ऑटोकॅड २००० ने एका फाईलमध्ये अनेक लेआउट दिले.

तरी मूळ दुखणं तसंच. ४० शीटचा प्रकल्प, प्रत्येक चौकटीत क्लायंटचं नाव हाताने टाइप केलेलं. नाव बदललं की ४० फायली उघडा. डेटाबेस शिकलेल्या कोणालाही घाम फुटेल. एकच माहिती ४० ठिकाणी, मग ३९ ठिकाणी बदलते आणि एक राहते.

एका मित्राच्या साइटवर नेमकं हेच झालं. रजिस्टरात रिव्हिजन ३, आणि कन्सल्टंटकडून आलेल्या शीटच्या चौकटीत अजून २. चित्र नवं, चौकट जुनी. फोरमनने जुनं समजून ते बाजूला ठेवलं आणि खरोखरच्या जुन्या शीटवरून लोखंड कापलं. टनावारी.

२००४ मध्ये ऑटोकॅड २००५ आलं, त्यात शीट सेट मॅनेजर आणि फील्ड एकत्र आले. ऑटोडेस्कने २००२ मध्ये १३.३ कोटी डॉलरला रेव्हिट घेतलं होतं, ज्यात शीट आणि मॉडेल एकाच डेटाबेसात असतात. त्याचा परिणाम असावा असा माझा आपला अंदाज. डीएसटी ही छोटी फाईल. तिच्यात चित्र नाही, फक्त शीटची यादी, क्रम आणि गुणधर्म. चौकटीत मजकूर टाइप करायचा नाही, फील्ड ठेवायचं: 'सेटचं जे क्लायंट असेल ते इथे दाखव'. एका जागी बदला, पुढच्या वेळी शीट उघडली वा छापली की नवं दिसतं. सेक्शनच्या खुणेतला शीट नंबरही तसाच. शीट १२ ची १४ झाली की बाण दाखवणारं वर्तुळ स्वतः १४ म्हणतं (अर्थात ती खूणही फील्डने केलेली हवी).

हे परत वापरायचं असेल तर सगळी मेहनत एकदाच. आधी डीडब्ल्यूटी करा, लेआउटमध्ये चौकट, चौकटीत फील्ड. मग कस्टम गुणधर्म दोन गटांत वाटा, आणि इथे घाई करू नका. क्लायंट, प्रकल्प क्रमांक हे सेटचे. रिव्हिजन, तपासणारा हे शीटचे. रिव्हिजन सेटचा केलात तर एक शीट सुधारली की ४० शीट सुधारल्यासारख्या दिसतील. मग आर्किटेक्चरल, स्ट्रक्चरल, प्लंबिंग असे उपसंच करून ही रिकामी डीएसटी टेम्प्लेटच्या फोल्डरात ठेवा. नव्या प्रकल्पाला विझार्डमध्ये नमुना म्हणून तीच निवडायची. उपसंच आणि सेटिंग येतात, जुन्या शीट येत नाहीत. ड्रॉइंगची अनुक्रमणिकासुद्धा तयार तक्ता म्हणून टाकता येते, फक्त शीट वाढल्या की तो अपडेट करायला विसरू नका.

एवढं असून मी पाहिलेल्या ऑफिसांत काय चालतं? जुन्या प्रकल्पाचं फोल्डर कॉपी, सेव्ह अ‍ॅज, आणि मागच्या क्लायंटचं नाव पुसायचं. लोकांना आळशी म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. शीट सेट लावायला दोन दिवस कोणीतरी बिल न होणारं काम करावं लागतं, आणि त्याचा फायदा तिसऱ्या प्रकल्पात दिसतो, तोही दुसऱ्याच माणसाला. शिवाय रजिस्टर सांभाळणाऱ्याचं महत्त्व त्या रजिस्टरातच असतं. तुमचं रजिस्टर आता आपोआप भरेल, हे वाक्य त्याला कसं ऐकू येत असेल?

मित्राच्या कन्सल्टंटने त्यानंतर शीट सेट लावले. गुणधर्म कुठला सेटचा आणि कुठला शीटचा, हे ठरवायला त्यांनी बसवलं ते त्या रजिस्टरवाल्या काकांना. सगळ्या ऑफिसात ते फक्त त्यांनाच सांगता येत होतं.