डेटाबेस स्क्रिप्टचे मेसेज ॲपमध्ये कसे पकडायचे?

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरतात, मंचरला कांदा येतो. समजा, जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना विक्रीची पट्टी मोबाईलवर दाखवणारं एक ॲप आहे. रोज रात्री डेटाबेसवर स्क्रिप्ट चालते आणि वजन व भाव जोडून पट्ट्या तयार करते. एका रात्री स्क्रिप्ट सांगते, ‘१२ नोंदींत वजन नाही, त्या वगळल्या.’ ॲप मात्र ‘काम पूर्ण’ एवढंच दाखवतं. १२ पट्ट्या बनल्याच नाहीत, हे कळणार कुणाला?

असं का होतं?

क्वेरीचं उत्तर, म्हणजे टेबलमधल्या ओळी, एका वाटेने येतात आणि मेसेज दुसऱ्या. मॅनेजमेंट स्टुडिओसारखं टूल दोन्हीकडे कान देतं, म्हणून तिथे मेसेज दिसतो. आपल्या कोडला ते मुद्दाम सांगावं लागतं.

एसक्यूएल सर्व्हर

‘प्रिंट’चा मेसेज डॉटनेटमध्ये कनेक्शनच्या ‘इन्फोमेसेज’ इव्हेंटमधून मिळतो. स्क्रिप्ट चालवण्याआधीच त्याला आपलं फंक्शन जोडा. १० पर्यंत तीव्रतेचे मेसेज इथे येतात, ११ पासून पुढे एरर धरली जाते. ‘प्रिंट’चे मेसेज साठून उशिराही येतात. लगेच हवा असेल तर ‘रेझएरर’ला १० किंवा कमी तीव्रता द्या आणि शेवटी ‘विथ नोवेट’ लिहा.

पोस्टग्रेस

इथे मेसेज ‘रेझ नोटीस’ने पाठवतात. पायथनच्या सायकोपीजी २ मध्ये ते कनेक्शनच्या ‘नोटिसेस’ यादीत जमा होतात. पण या यादीत शेवटचे ५० मेसेजच राहतात, म्हणून प्रत्येक स्क्रिप्टनंतर ती वाचून घ्या. जावामध्ये स्टेटमेंटवर ‘गेटवॉर्निंग्ज’ वापरा.

ओरॅकल

‘डीबीएमएस आउटपुट’ आधी ‘एनेबल’ करा, मग प्रोसिजर चालवा आणि ती संपल्यावर त्याच कनेक्शनवर ‘गेट लाइन्स’ने मेसेज मागून घ्या. कनेक्शन बदललं तर हाती काहीच लागत नाही.

हे लक्षात ठेवा

पकडलेला मेसेज वेळ आणि स्क्रिप्टच्या नावासकट लॉगमध्ये लिहा. पण पैशांचा हिशोब निव्वळ मेसेजवर सोडू नका. मेसेजचे शब्द कुणी बदलले की तो वाचणारा कोड फसतो. किती नोंदी वगळल्या, हा आकडा टेबलमध्ये किंवा आउटपुट पॅरामीटरमध्ये द्या. तो शून्यापेक्षा जास्त असेल, तर ॲपने ‘काम पूर्ण’ म्हणूच नये.